विवाहातील केक : एका रिवाजाची पूर्वपीठिका

कन्यादान, सप्तपदी इत्यादी विधी सकाळी यथासांग पार पडल्यावर सायंकाळी वधूवर स्वागतसमारंभासाठी व्यासपीठावर येतात, तेव्हा त्यांच्यापुढे शुभ्र आवरणाचा दोनतीन मजली केक आणून ठेवण्याची वहिवाट गेल्या काही दशकांत मुंबई-पुण्याहून तालुक्याच्या गावांतील मंगल कार्यालयांपर्यंत पोहोचली आहे. ज्याअर्थी ती आपल्या घरांत आली आहे, त्याअर्थी तिचे कूळ आणि मूळ कोणते, ती कोणत्या मुलखात आणि कोणत्या व्यवहारातून वाढली, व तिच्यातील कोणता अंश आपण मनापासून स्वीकारावा, याचा शोध घेणे अगत्याचे ठरते. माझे मत आरंभीच नमूद करून ठेवतो. या पदार्थाच्या इतिहासात वाटून खाण्याची प्रेरणा आणि लोकांना दाखविण्याची प्रेरणा या दोन्ही प्रथमपासून नांदत आल्या आहेत, आणि ज्या ज्या काळी दुसरीने पहिलीवर मात केली त्या त्या काळी केक उंच झाला, शुभ्र झाला, परंतु पाहुण्यांच्या मुखात पडेनासा झाला.

या विषयावर लिहिणारे बहुतेक लेखक रोमपासून प्रारंभ करतात. प्राचीन रोममधील कुलीन घराण्यांत ‘कॉन्फारेआतिओ’ नावाचा एक अतिशय गंभीर विवाहविधी होता. आपण ज्याला खपली म्हणतो त्या जातीच्या गव्हाची भाकरी ज्युपिटर देवतेला अर्पण करून, राज्याचा मुख्य धर्माधिकारी, ज्युपिटरचा पुरोहित आणि दहा साक्षीदार यांच्या समक्ष तो पार पाडीत. ज्युपिटरच्या पुरोहितपदावर बसणाऱ्या पुरुषाचे मातापितर याच विधीने विवाहबद्ध झालेले असावेत असा दंडक होता. आणि टायबेरियस बादशहाच्या कारकिर्दीत, इसवी सन २३ मध्ये, ते पद रिकामे झाले तेव्हा असे उमेदवार मिळणेच दुरापास्त झाले, इतका तो विधी मागे पडला होता, अशी नोंद टॅसिटस या इतिहासकाराने करून ठेवली आहे. म्हणजे जो विधी खुद्द रोममध्येच पहिल्या शतकात मृतप्राय झाला, तोच पंधरासोळा शतकांनी इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत केकच्या रूपाने अवतरला असे म्हणायचे, तर मधल्या काळाचा काही दस्तऐवज दाखवावा लागेल, आणि तसा तो कोणी दाखविलेला नाही. ग्लासगो विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ सायमन चार्स्ली यांनी १९९२ साली विवाहाच्या केकवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यांचाही रोख असाच आहे, की रिवाज आधी रूढ होतो आणि त्याचे प्राचीन अर्थ लोक मागाहून शोधतात. त्यांचे हे म्हणणे मला सर्वथा ग्राह्य वाटते, कारण आपल्याकडील कित्येक लग्नविधींच्या बाबतीतही हेच घडलेले आहे.

खात्रीचा पुरावा सुरू होतो तो सतराव्या शतकात. शिवछत्रपती पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडी पोहोचले त्याच १६६० साली, लंडनमध्ये रॉबर्ट मे नावाच्या एका अनुभवी स्वयंपाक्याचा पाकशास्त्रावरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्यात लग्नासाठी करावयाच्या एका ‘पाय’ची कृती आहे. ‘पाय’ म्हणजे कणकेच्या जाड कवचात सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ. हा विशिष्ट पाय मात्र एका पायावर रचलेल्या अनेक पायांचा समूह असे, एकात कालवे, एकात कोंबड्यांचे तुरे व मांसाचे नाना प्रकार, आणि एक पोकळ ठेवून त्यात ऐन वेळी जिवंत पक्षी किंवा साप सोडीत, जेणेकरून झाकण काढताच मंडळी दचकावीत आणि हास्यकल्लोळ व्हावा. गोड तर तो नव्हताच. थोडक्यात, त्या काळच्या इंग्रजी लग्नातील मुख्य पक्वान्न मांसाचे होते. त्यानंतर दोन वर्षांनी पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन दुसऱ्या चार्ल्सशी विवाहबद्ध झाली आणि त्या विवाहाच्या करारान्वये मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाले. आज मुंबईच्या उपाहारगृहांत इंग्रजी पद्धतीचे केक ज्या सहजतेने मागविले जातात, त्या सहजतेचा आरंभही असा एका लग्नातच सापडतो.

आज ज्याला आपण विवाहाचा केक म्हणून ओळखतो त्याची पहिली छापील कृती मिळते १७६९ साली, म्हणजे पुण्यात थोरल्या माधवरावांचा अंमल चालू असताना. ती लिहिणारी एलिझाबेथ रॅफल्ड ही चेशर परगण्यातील आर्ली हॉल या सरदारी वाड्यात गृहव्यवस्थापक होती. तेथील माळ्याशी लग्न करून ती मँचेस्टरला आली, तिने मिठाईचे दुकान काढले, आणि स्वानुभवावर आधारलेले पाकशास्त्राचे पुस्तक सिद्ध केले. तिच्या केकचा जिन्नस वाचताना एखाद्या संस्थानिकाच्या मुदपाकखान्याची याद वाचीत आहोत असे वाटते. चार पौंड मैदा, चार पौंड ताजे लोणी, दोन पौंड साखर, जायपत्री आणि जायफळ, दर पौंड मैद्याला आठ याप्रमाणे बत्तीस अंडी, चार पौंड काळ्या बारीक मनुका, एक पौंड बदाम, महाळुंग, संत्रे व लिंबू यांच्या पाकवलेल्या साली प्रत्येकी एक पौंड, आणि वर अर्धा पिंट ब्रँडी. बेकिंग पावडर त्या काळी अस्तित्वातच नव्हती, ती पुढे १८४३ साली निघाली. म्हणून हा अवजड ऐवज फुलवायचा तो केवळ हातांच्या बळावर. लोणी हाताने फेसून मलईसारखे करायचे, त्यात साखर घालून पाव तास घोटायचे, अंड्यांचा पांढरा भाग घट्ट फेस येईतो आणि पिवळा भाग निदान अर्धा तास फेटायचा, मग मैदा मिसळून फळांचे थर देत भांडे भरायचे आणि तीन तास भाजायचे. मात्र तिचे खरे कर्तृत्व याच्यापुढे आहे. भाजलेल्या केकवर आधी बदामाच्या पिठीचा थर आणि त्यावर अंड्याचा पांढरा भाग व साखर यांचे धवल आवरण, ही दुहेरी रचना तिने एकामागून एक कृती देऊन ग्रंथबद्ध केली, आणि इंग्लंडातील विवाहाचा केक पुढे दोनशे वर्षे याच रचनेवर उभा राहिला.

त्या धवल आवरणाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या रिवाजाचे सारे अर्थशास्त्र त्यात साठलेले आहे. साखर जितकी अधिक शुद्ध केलेली तितकी ती शुभ्र आणि तितकीच महाग. सबब केकचा रंग हा यजमानाच्या ऐपतीचा जाहीर दाखला होता, आणि त्याचा वधूच्या निष्कलंकतेशी जो संबंध आज जोडला जातो तो बऱ्याच उत्तरकालीन लोकांनी जोडलेला आहे. ही साखर येत होती वेस्ट इंडीजच्या मळ्यांतून, आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमातून. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द ठरली आणि १८३४ पासून तो कायदा अंमलात आला. त्याच वर्षापासून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर हिंदुस्थानातील मजूर करार लिहून घेऊन नेले जाऊ लागले. मॉरिशसच्या साखरेवरील जकात १८२५ सालीच वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणलेली असल्यामुळे तेथील मळे झपाट्याने वाढत होते आणि त्यांना माणसे हवी होती. या मजुरांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणचे लोकही होते; त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणवून घेतात, गणेशोत्सव करतात, मराठी शिकतात. लंडनच्या एखाद्या सधन घरातील लग्नात केकवर चढलेल्या साखरेत रत्नागिरीकडील एखाद्या कुणब्याचा घाम मुरलेला असणे अशक्य नव्हते. १८७४ साली ब्रिटनने साखरेवरील जकात सर्वस्वी उठविली, आणि तेव्हापासून धवल आवरणाचा केक सरदार-सावकारांच्या घरांतून दुकानदार व कारकून यांच्या घरांत उतरू लागला.

मध्यंतरी राजघराण्याने त्या केकला देशव्यापी प्रतिष्ठा मिळवून दिली होती. १० फेब्रुवारी १८४० रोजी व्हिक्टोरिया राणीचा आल्बर्टशी विवाह झाला, त्या वेळचा मुख्य केक सुमारे तीनशे पौंड वजनाचा, तीन यार्ड घेराचा आणि चौदा इंच जाडीचा होता. त्यावर रोमन वेषातील वधूवरांना आशीर्वाद देणारी ब्रिटानियाची साखरेची मूर्ती होती आणि नवरदेवाच्या पायाशी इमानाचे प्रतीक म्हणून एक कुत्राही बसविलेला होता. त्या केकचे तुकडे पेट्यांत घालून ठिकठिकाणी पाठविण्यात आले. त्यांतील एक तुकडा २०१६ साली लंडनमधील क्रिस्टीजच्या लिलावात दीड हजार पौंडांना विकला गेला, यावरून मद्यात मुरलेल्या फळांच्या केकचा टिकाऊपणाही ध्यानात यावा. तथापि हा केक एकमजली होता. मजल्यावर मजला चढला तो राणीच्या ज्येष्ठ कन्येच्या विवाहात, १८५८ च्या जानेवारीत. परंतु त्यात खालचा मजला तेवढा केकचा होता, वरचे मजले निव्वळ साखरेचे होते. सर्व मजले खरोखरीच केकचे असलेली रचना सिद्ध झाली ती राणीचा धाकटा पुत्र लिओपोल्ड याच्या विवाहाच्या वेळी, १८८२ साली. मजल्यांमध्ये खांब उभे करण्याची युक्ती त्यानंतर, शतक संपता संपता निघाली.

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील सेंट ब्राइड्स चर्चचा मनोरा, जो सर क्रिस्तोफर रेन याने एकावर एक निमुळते होत जाणारे अष्टकोनी मजले रचून बांधविला, तो पाहून जवळच राहणाऱ्या विल्यम रिच नावाच्या एका भटाऱ्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस पहिला मजली केक केला, अशी कथा तेथे आवर्जून सांगतात. मनोरा पाहिल्यावर ती पटतेही. पण मजली केकचा जो क्रम वर दिला आहे त्याच्याशी ती जुळत नाही, म्हणून तिला दंतकथेपलीकडे मोल देता येत नाही.

उंची वाढली तसे वरच्या मजल्यांचे वजन पेलण्यासाठी आवरण अधिकाधिक टणक करावे लागले, आणि ते इतके टणक झाले की सुरी चालविणे हे एकट्या वधूच्या हातचे काम राहिले नाही. आधी वधू एकटीच केक कापीत असे. विसाव्या शतकात वराचा हात तिच्या हातावर आला, छायाचित्रकाराला तो क्षण सोयीचा वाटला, आणि पाहता पाहता दोघांनी मिळून केलेले पहिले कार्य असा त्याला अर्थ प्राप्त झाला. सर्वांत वरचा लहान मजला पहिल्या अपत्याच्या बाप्तिस्म्यासाठी राखून ठेवण्याचा शिरस्ता मात्र मला मनापासून आवडतो. पुढच्या पिढीच्या वाट्याचा घास आजच बाजूला काढून ठेवण्यात संसाराविषयीची जी श्रद्धा आहे ती कोणत्याही धर्माच्या माणसाला ओळखीची वाटेल. अविवाहित मुलींनी केकचा तुकडा उशाखाली ठेवून निजावे, म्हणजे भावी पती स्वप्नात दिसतो, ही समजूतही अठराव्या शतकापासून प्रचलित होती.

दुसऱ्या महायुद्धाने या दिमाखाची कठोर परीक्षा घेतली. १९४० च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये साखरेवर रेशन आले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून भाजलेल्या केकवर साखरेचे आवरण चढविण्यास सरकारी हुकुमाने बंदी झाली. तेव्हा भटाऱ्यांनी पुठ्ठ्याचे व प्लास्टरचे नक्षीदार पांढरे मजले तयार करून भाड्याने देण्याची तजवीज केली. छायाचित्रापुरते ते मजले टेबलावर ठेवायचे, आणि मग झाकण उचलून आतील लहानसा, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपापल्या शिध्यातून वाचविलेल्या मनुका-साखरेचा केक सर्वांना वाटायचा. त्या लहान केकला जेवढी आपुलकी लाभली तेवढी तीनशे पौंडांच्या केकला लाभली असेल असे मला वाटत नाही. रेशन चालू असतानाच २० नोव्हेंबर १९४७ रोजी राजकन्या एलिझाबेथचा विवाह झाला. मॅकव्हिटी अँड प्राइस या कंपनीने केलेला तिचा चार मजली केक नऊ फूट उंच होता, आणि त्याचा जिन्नस ऑस्ट्रेलियातील गर्ल गाइड मुलींनी समुद्रमार्गे पाठविला होता. पुठ्ठ्याच्या मजल्यांचा खरा वारसा पुढे जपानने चालविला. युद्धोत्तर काळात तेथील विवाहगृहांत मेणाचे वा रबराचे अनेक मजली केक रूढ झाले, ज्यांत सुरी घालण्यापुरती एक फट असे. वधूवर त्या फटीत सुरी घालीत, दिवे लखलखत, छायाचित्र निघे, आणि खाण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. दाखविण्याची प्रेरणा याहून पुढे जाऊ शकत नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. येथे केक प्रथम घरचा झाला तो ख्रिस्ती समाजात, आणि तेथे त्याने स्थानिक रिवाजांना हद्दपार न करता त्यांच्या पंक्तीत जागा मिळविली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गोव्यातील कॅथलिक लग्नात आदल्या दिवशी वधूवरांना नारळाच्या दुधाने न्हाऊ घालण्याचा ‘रोस’ होतो, वधूच्या हातात चुडा भरला जातो, दोदोल, बेबिंका, बोलिन्या अशा मिठायांची ‘वोजें’ वधूकडून वराच्या घरी जाते, आणि मग स्वागतसमारंभात केक कापून त्याचे कागदात गुंडाळलेले तुकडे पाहुण्यांच्या हाती दिले जातात. बदामाच्या जागी तेथे काजू आला. पोर्तुगिजांनीच ब्राझीलहून आणलेल्या त्या झाडाने युरोपातील बदामाच्या पिठीला गोमंतकीय चव दिली. मुंबई, साष्टी व वसई येथील ईस्ट इंडियन समाज तर मराठीचीच एक बोली बोलतो. त्यांच्या लग्नात वाजतगाजत ‘उंबराचं पाणी’ आणतात, ‘फुगे’ नावाचा पदार्थ तळतात, आणि केकही कापतात, आणि या तिन्हींत त्यांना कोठे विसंगती जाणवत नाही.

उर्वरित महाराष्ट्राला भटारखान्यातला घास घशाखाली उतरविण्यासाठी मात्र फार मोठा सामाजिक संघर्ष करावा लागला. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या, जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेत सभासदाने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाणे ही दीक्षेची कसोटी होती, आणि ही सभा गुप्तपणे चालवावी लागत होती. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी ती घेतली, कोणी केवळ हात लावून बाजूला सारली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे प्रसिद्ध करविली, प्रकरण थेट शंकराचार्यांच्या न्यायासनापर्यंत गेले, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. चहाच्या पेल्याची आणि बिस्किटाची ही कथा. तेथे अंडी घातलेल्या केकची वार्ताच नको. मुंबई-पुण्यात हा अडसर दूर करण्यात, सभा-व्याख्यानांइतकाच इराणी बेकऱ्यांचा हातभार लागला आहे. ग्रँट रोडवरील मेरवान १९१४ साली सुरू झाले, पुण्याच्या कॅम्पातील कयानी १९५५ साली. आणि त्यांचा मावा केक, ज्यात आपल्या हलवायाचा खवा युरोपी साच्यात भाजला जातो, तो मध्यमवर्गीय मराठी माणसाने आपला म्हणून उचलला. पुढे बिनअंड्याच्या केकची सोय झाली आणि उरलासुरला संकोचही गेला.

स्वागतसमारंभाच्या रूपातही दरम्यान पालट झाला होता. अत्तरगुलाब, पानसुपारी आणि पेढा एवढ्यावर ज्याची सांगता होई, त्या समारंभात विसाव्या शतकाच्या मध्यास आइस्क्रीम आले, आणि त्याच्या मागून केक. तो आपल्या लग्नात इतक्या सहजी सामावला याचे कारण, माझ्या मते, त्याने करावयाच्या दोन्ही गोष्टी येथे आधीपासून होत्या. रुखवतात मांडलेले मोठमोठे लाडू, साखरेची फळे-फुले आणि कलाकुसरीचे जिन्नस ही दाखविण्याची हौस. आणि पंगतीत नाव घेऊन वधूवरांनी परस्परांना भरविलेला घास ही वाटून घेण्याची ओढ. केक कापून एकमेकांना भरविताना वधूवर जे करतात ते त्यांच्या आजी-आजोबांनी जिलबीच्या तुकड्याने केलेलेच असते.

म्हणून ज्यांच्या घरी कार्य ठरले आहे आणि जे केकची निवड करण्यास निघाले आहेत, त्यांना माझे काही आग्रहाचे सांगणे आहे. बेकरीवाल्याला प्रथम विचारावे की यातले किती मजले खायचे आणि किती आत फोम घालून केवळ उंचीसाठी उभे केलेले. फसव्या मजल्यांवर एक पैसाही खर्चू नये. आपली लग्नसराई तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत चालते. वैशाखातील उकाड्यात, विशेषतः उघड्या लॉनवरच्या समारंभात, फेसलेल्या क्रीमचा केक ढळतो, आणि शीतपेटीतून काढलेल्या साखरेच्या गुळगुळीत आवरणावर कोकणपट्टीच्या दमट हवेत घामासारखे थेंब जमतात. अशा ऋतूत फळांचा घट्ट केक, खव्याचा केक, किंवा रवा व नारळ रात्रभर मुरवून भाजलेला गोव्याचा बाथ यांइतके भरवशाचे दुसरे काही नाही, आणि चवीतही ते कोणाला हार जाणारे नाहीत. घरच्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी कोणी अंडे खात नसेल तर संपूर्ण केकच बिनअंड्याचा सांगावा. एकाच टेबलावर दोन पंक्ती करू नयेत. कापण्याचा मान वधूवरांचा, पण वाटण्याचे काम घरच्या माणसांनी हाती घ्यावे, आणि पहिले तुकडे दारावरचा पहारेकरी, वाजंत्री व वाढपी यांना द्यावेत, कारण समारंभ संपल्यावर त्यांची आठवण कोणाला राहत नाही.

केक लहान असला तरी चालेल. तो सर्वांना पुरेल एवढा सांगा, आणि रात्री कार्यालय सोडताना त्याचा एकही तुकडा टेबलावर उरू देऊ नका.